घरतसाहेबांना विचारा

प्रश्न: किती रस्ते एकत्र येतात?
उत्तर: तीन.

अलिबागहून नागाव मागे टाकून रेवदंड्याकडे निघालं, की चौलच्या हद्दीत एक तिठा लागतो. कोपऱ्यावर जुनी बाव, म्हणजे विहीर, आहे म्हणून त्याला बावीचा तिठा म्हणतात. वाड्यांमधून येणारा अरुंद रस्ता इथे मोठ्या रस्त्याला मिळतो, आणि मिळतो तो असा, की दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो. कोपऱ्यावर जांभ्या दगडाचा बुटका गडगा, गडग्यावर मेंदीचं कुंपण, कुंपणावर कसलीशी वेल. समुद्र बघायची घाई झालेल्या गाड्या इथून सुसाट जातात, आणि वाडीतून येणारा सायकलवाला पुढचं चाक रस्त्यावर काढल्याशिवाय त्यांना बघू शकत नाही.

दिपाली घरत तिथे सकाळी आली, स्कूटर बावीच्या कठड्याला लावली आणि पिशवीतून टॅब काढला. ती बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता. तालुक्यातले धोक्याचे तिठे आणि चौक तपासायचं काम तिच्याकडे. टॅबमध्ये एक प्रोग्रॅम आहे. तो एकामागून एक प्रश्न विचारतो, जागेवर उभं राहून त्यांची उत्तरं भरायची, मग ‘पाठवा’ दाबायचं. अहवाल वरती जातो आणि त्याच वेळी पडद्यावर सल्ला येतो: इथे गतिरोधक नको, इथे दिवा लावा, इथलं झाड राखा पण खालच्या फांद्या उतरवा. सल्ल्याच्या खाली एक बटण असतं. त्यावर लिहिलंय, ‘का?’ ते दाबलं की कारण दिसतं.

बहुतेक अभियंते ते बटण दाबत नाहीत. सल्ला मिळाला, काम झालं. दिपाली मात्र सल्ला नीट वाचायच्या आधीच ‘का?’ दाबते.

कारण सांगणारा माणूस तिचा नवरा होता.


प्रश्न: माहिती कोणाकडून मिळाली?

धनेश घरत. मिठागरवाल्यांच्या घरातला मुलगा, दिपालीच्याच खात्यात अभियंता. मिठागरं गेली आणि भावांनी डंपर घेतले, चुलत्यांनी ट्रेलर घेतले. "आमच्या घरात सगळे गाडी चालवणारे, मी एकटा गाडी थांबवणारा," असं तो लग्नाच्या बैठकीत म्हणाला होता, आणि दिपालीच्या वडिलांना ते अजिबात कळलं नव्हतं. जिल्ह्यातला एकेक चौक त्याने पायी पालथा घातला होता. कुठल्याही तिठ्यावर जाऊन उभा राहिला की इथे काय होणार ते सांगायचा, आणि बऱ्याचदा ते व्हायचं.

म्हणून पुण्याच्या एका कॉलेजातून हेमांगी आली. असे प्रोग्रॅम बनवायचे तर आधी जाणत्या माणसाला बसवून बोलतं करावं लागतं. तो जे सहज करतो ते त्याच्याकडून नियमांत काढून घ्यायचं: जर असं असेल, आणि जर तसं असेल, तर हे करा. कितीतरी संध्याकाळी ती त्यांच्या बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली. धनेश बोलला, तिने जसंच्या तसं टंकलं. भाषा नंतर सुधारू म्हणाली. ती सुधारायची राहून गेली.

    जर बाहेरच्या खोलीत दोघं रस्त्यांवर बोलत असतील,
    आणि जर आत तिसरं माणूस कोळंबी सोलत असेल,
    तर तिसऱ्याला ऐकू येतं ते एवढंच: मध्येच हसू, "नाही नाही, असं लिहू नका," आणि कप खाली ठेवल्याचा आवाज.

    का?

    कारण कढईत फोडणी होती. कारण नवऱ्याचं बोलणं रोजचंच. कारण उद्या विचारता येईल असं वाटतं.

प्रोग्रॅमला खरं तर मोठं इंग्रजी नाव होतं. ऑफिसात ते कोणाच्या जिभेवर बसलं नाही. "घरतसाहेबांना विचारा" असंच सगळे म्हणायला लागले. घरतसाहेब चालू झाले का? घरतसाहेब हँग झालेत. घरतसाहेबांची बॅटरी संपली, चार्जिंगला लावा. धनेश पलीकडच्या टेबलावरून ओरडायचा, "अरे, आधी मला जेवू द्या!" आणि सगळी खोली हसायची.

मग त्याला कावीळ झाली, ती पोटात गेली, आणि त्यातच तो गेला.

दिपाली पुन्हा कामावर आली तेव्हा थोडे दिवस कोणी त्या प्रोग्रॅमचं नाव काढलं नाही. नुसतं ‘ते’ म्हणायचे. पण तोंडाला लागलेलं नाव सुटत नाही. एका दुपारी कोणीतरी दारातून ओरडलं, "घरतसाहेब आहेत का मोकळे?" आणि मग जीभ चावली. दिपालीने टॅब उचलून दिला. म्हणाली, "आहेत."


नियम ३१. का?
"मासळीबाजाराजवळ पांढरे पट्टे टिकत नाहीत, बर्फाचं पाणी सांडतं. पट्ट्यांवर विसंबू नका, दिवा लावा."

नियम १४. का?
"उताराच्या पायथ्याशी गतिरोधक घालू नये. म्हातारा सायकलवाला तिथेच वेग घेतो, त्याला पुढचा चढ काढायचा असतो."

नियम ४०. का?
"लग्नसराईत हॉलसमोरचा रस्ता हा रस्ता नसतो, मांडवाचा भाग असतो. तसा मोजा."

हे असं. तालुक्याची तपासणी तिने मागून घेतली होती. ऑफिसात लोकांना वाटलं, बिचारी स्वतःला कामाला जुंपून घेतेय. तसं नव्हतं. प्रत्येक नव्या चौकात त्याचं एखादं न ऐकलेलं वाक्य असायचं. सुरुवातीला रोज एक यायचं, मग आठवड्याला, मग महिना महिना जुनीच वाक्यं. शेवटी एकच नियम उरला, जो कुठल्याच चौकात, कुठल्याच तिठ्यावर, कधीच लागला नव्हता.

नियम पहिला.


प्रश्न: कोपऱ्यावर विक्रेते बसतात का?
उत्तर: हो.

"काय गो घरतीन, आज कुनाचा रस्ता मोजतंस?"

जनीमावशी. गडग्याच्या सावलीत बसते, पांढऱ्या कांद्याच्या माळा बांबूला टांगून.

"तुमचाच, मावशी."

"मोज मोज. तुजा नवरा यायचा तवा एक माल तरी न्यायचा. तू नुसती काचेवर बोटं फिरवतंस."

"मागच्या वेळी नेली होती की."

"ती सरली नसंल अजून? एकट्या बायला कांदा किती दिवस पुरतंय." बोलून गेल्यावर जनीमावशीला आपलं बोलणं कुठे गेलं ते कळलं असावं, कारण तिने लगेच आवाज चढवला. "त्या शेठचं कुंपन काप आधी! वाडी त्याची, बसतंय मुंबईत, आन कुंपन आमच्या डोल्यात!"

"कापायलाच सांगणारे. पण तुम्हीही थोडं मागे सरका. तुमच्या माळांच्या आड गाडी दिसत नाही."

"मी मागं सरले तर गिऱ्हाइकाला मी दिसन का?"

दिपालीने पुढचे प्रश्न भरले. जवळ शाळा आहे का? आहे. पायी ओलांडणारे आहेत का? आहेत. गाड्यांचा वेग? जास्त. बाजूच्या रस्त्यावरून येणाऱ्याला वेळेत दिसतं का? नाही. आडवं काय येतं? कुंपण.

आणि मग बोट ‘पाठवा’वर नेऊन तिने ते मागे घेतलं.

तिला दिसत होतं काय येणार ते. या उत्तरांना नियम बावीस लागतो. बावीस तिला पाठ होता. कितीतरी ठिकाणी ऐकला होता. आणि बावीचा तिठा तिच्याकडचा शेवटचा होता.


"मॅडम, टेन्शन नका घेऊ," दुपारी ऑफिसात निकेत म्हणाला. निकेत शेजारच्या टेबलावरचा, नवी मुंबईतून बदलून आलेला. "उद्याच्या एक तारखेपासून घरतसाहेब रिटायर. नवीन सिस्टिम येतेय, कॅमेरावाली. ती विचारत बसत नाही, डायरेक्ट बघते."

"आणि का म्हणून विचारलं तर?"

"स्कोर देते ना. पॉइंट एट सेव्हन, असं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे डेंजर, मॅडम."

"ते तर जनीमावशीही सांगते."

"मावशीला सर्व्हर लागत नाही, तेवढाच फरक." तो हसला, मग तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "बावीचा तिठा आज पाठवून टाका. उद्यापासून जुनं लॉगिन चालेल का, सांगता येत नाही."

तिने व्हरांड्यात जाऊन हेमांगीला फोन लावला.

"दिपालीताई! अहो, पूर्ण फाइल आहे माझ्याकडे. आत्ता पाठवते, दोन मिनिटांत वाचून होईल."

"नको."

"का पण?"

"वाचून होईल म्हणूनच नको." तिला नीट सांगता येईना. "फाइल म्हणजे त्याने तुला सांगितलेलं. मला, मी विचारल्यावर त्याने सांगितलेलं पाहिजे. एवढंच राहिलंय एक."

पलीकडून हेमांगी म्हणाली, "पहिला नियम सहसा लागत नाही, ताई. खरं तर लागू नये असाच आहे तो. पहिल्या संध्याकाळी सांगितला त्यांनी. मी लॅपटॉप उघडायच्याही आधी."

"कुठल्या रस्त्याला लागतो?"

"रस्त्याला नाही लागत."

"मग कशाला?"

पण आवारात डंपर मागे घेत होते, त्याच्या आवाजात पुढचं हरवलं, आणि फोन कट झाला. दिपालीने पुन्हा लावला नाही. लावला असता तर हेमांगीने सांगितलं असतं, आणि मग विचारायला काही उरलं नसतं.


प्रश्न: पायी ओलांडणारे आहेत का?
उत्तर:

ऑफिस रिकामं होत आलं होतं. शिपायाने पंखे बंद करायला सुरुवात केली होती, तिच्या डोक्यावरचा तेवढा ठेवला.

सगळ्या प्रश्नांच्या सगळ्या उत्तरांमध्ये एकच असं होतं, जे तिने आजवर कधी दिलं नव्हतं. पायी ओलांडणारे? नाही. कसं देणार? या किनाऱ्यावर माणूस नसलेला रस्ता कुठे आहे? कोणी मासळीची पाटी घेऊन, कोणी पोर काखेत मारून, कोणी नुसतंच पलीकडच्याशी बोलायला म्हणून, लोक रस्ता ओलांडतच असतात. म्हणून तर तो नियम लागला नसणार. हेमांगी काहीही म्हणो, मोठ्या हमरस्त्यांसाठी, कारखान्यांच्या रस्त्यांसाठी सांगून ठेवला असेल त्याने. त्या ‘नाही’च्या पलीकडे तो बसलेला असणार.

नाही असं भरलं तर बावीच्या तिठ्यावर पट्टे येणार नाहीत. शाळेची पाटी येणार नाही. हे तिला माहीत होतं. पाठवलेला अहवाल मागे घेता येत नाही, हेही माहीत होतं. कुंपण तरी कापतीलच, असं तिने स्वतःला सांगितलं. पट्टे काय, पुढच्या वर्षी कॅमेरावाली सिस्टिम देईल. पॉइंट एट सेव्हन.

तिने ‘आहेत’ पुसलं.

तिने ‘नाही’ भरलं.

दप्तरं घेतलेली पोरं, जनीमावशी, सायकलवरून उतरून हातात सायकल धरलेला म्हातारा, सगळे त्या तिठ्यावरून एका बोटाने गेले. दिपालीने ‘पाठवा’ दाबलं. छाती अशी धडधडत होती, जशी धनेश बघायला आला होता तेव्हा पडद्याआड उभी असताना.

    अहवाल स्वीकारलेला नाही.
    नियम १.
    शाळा आहे, विक्री आहे आणि रस्ता ओलांडणारं कोणी नाही, असा तिठा आपल्याकडे नाही. ही उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. ती जागेवर भरलेली नाहीत.

    का?

तिने दाबलं.

    "ज्याने भरलं त्याच्यावर रागावू नका. खोटं लिहायचं म्हणून कोणी बसत नाही. संध्याकाळ झालेली असते, घरी कोणीतरी वाट बघत असतं, मग माणूस रस्ता न बघता लिहून टाकतो. मीही टाकलंय, लग्न नवीन होतं तेव्हा. आज घरी जा. उद्या जागेवर जा, आणि एक माणूस रस्ता ओलांडून जाईपर्यंत तिथून हलू नका."

शिपाई दारातून म्हणाला, "मॅडम, दिवा?" तिने हाताने थांब म्हटलं. त्याने दिवा तसाच ठेवला आणि गेला.

लग्न नवीन होतं तेव्हा. त्या दिवसांत तो कितीदा लवकर यायचा. उजेडातच स्कूटरचा आवाज यायचा आणि ती म्हणायची, "आज काय, रस्ते संपले?" तो म्हणायचा, "हो, संपले." त्यातली कुठली संध्याकाळ कुठल्यातरी चौकातून चोरून आणलेली होती, ते ती आठवायचा प्रयत्न करत राहिली. एकही वेगळी आठवेना. सगळ्यांत तो दारात उभा होता, हेल्मेट काढत.

कशी वाट बघायची ती! आणि हा तिकडे तिच्यापायी सरकारी कागदावर खोटं लिहून येत होता, आणि घरात कधी एका अक्षराने बोलला नव्हता. बोलला तो पुण्याच्या एका परक्या मुलीपाशी, पहिल्याच संध्याकाळी, ती आत कोळंबी सोलत असताना. तिला हसू आलं आणि ते हसूच होतं का ते कळेपर्यंत ओढणी ओली झाली होती.

मग तिने पुन्हा वाचलं. आज घरी जा.

घराला कुलूप होतं. सकाळी तिनेच लावलेलं. उजेडात गेलं काय, अंधारात गेलं काय, ते तसंच असणार होतं. तिच्यासाठी उद्यापर्यंत थांबायचं काही कारण त्या वाक्यात नव्हतं.

तिने टॅब पिशवीत टाकला आणि स्कूटर चौलच्या दिशेने काढली.


प्रश्न: तुम्ही आत्ता कुठे आहात?
(असा प्रश्न प्रोग्रॅममध्ये नाही. असायला हवा होता.)


सूर्य नारळींच्या खाली उतरला होता. जनीमावशी माळा सोडवत होती.

"परत? काय गो, इसरलंस काय?"

"मोजायचं राहिलं."

"सकालपासून काय मोजलंस मग?"

दिपाली कठड्याजवळ उभी राहिली. एक एसटी गेली. एक काळी मोठी गाडी गाणी लावून गेली. पाठोपाठ तीन मोटारसायकली. वाडीच्या तोंडातून एका मुलीने सायकलचं चाक बाहेर काढलं, आत ओढलं, पुन्हा काढलं. हे सगळं ती सकाळीही बघून गेली होती. याच मुलीला तिने मघाशी पुसून टाकलं होतं.

"थांब जरा, पानी घेऊन येतंय," म्हणून जनीमावशी उठली. नळ पलीकडे होता. तिने एका हातात कळशी घेतली आणि दुसऱ्या हातात कांद्याची एक माळ.

"पाण्याला माळ कशाला?"

"अगो, रिकामी बाय हात दाखवील तर कोन थांबतंय? माल वर केली का गाडीवाल्याला वाटतंय इकाया आली. करकचून ब्रेक मारतंय. भाव इचारीपर्यंत मी पार!"

आणि खरंच, तिने माळ उंच धरली, एक पांढरी गाडी थांबली, काच खाली झाली, आतून कोणीतरी "कितीला?" म्हणालं, आणि तोवर मावशी पलीकडे. सायकलवाल्या मुलीने ती संधी साधली आणि तीही गेली. मागे गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले.

दिपालीने टॅब उघडला. पायी ओलांडणारे आहेत का?

आहेत.

बाकीची उत्तरं तिने पुन्हा एकेक वाचली, तिठ्याकडे बघून पडताळली. पाठवलं. या वेळी स्वीकारलं. सल्ला आला: कुंपण अमुक उंचीवर छाटा, विक्रेत्यांना बावीच्या बाजूला जागा द्या, पट्टे मारा, शाळेची पाटी लावा. नियम २२.

जनीमावशी त्याच माळेच्या जोरावर परत आली होती आणि कळशी टेकवून तिच्या खांद्यावरून काचेत बघत होती.

"काय लिवलंय?"

"तुम्हाला बावीकडे जागा मिळणारे. सावली आहे तिकडे."

"आन हे खालचं काय हाय?"

"हे? हे का म्हणून विचारायचं."

"मग इचार की."

तिने दाबलं. आणि आजवर कधी केलं नव्हतं ते केलं, मोठ्याने वाचलं. त्याच्या वाक्यात तिचा आवाज सुरुवातीला नीट बसेना.

"माणूस माणसाला दिसला की पाय आपोआप ब्रेकवर जातो. आधी दिसू द्या. पाट्या मागाहून लावा, पाट्यांना काय घाई नसते."

जनीमावशीने डोळे बारीक केले. "हा घरतसायेब."

"हो."

"असाच बोलायचा मेला. कांदा घेतानी सुद्धा. पुढं काय बोलतंय?"

"एवढंच आहे, मावशी. संपलं."

"सगला?"

"सगळं."

जनीमावशी उपडी टोपली ओढून त्यावर बसली आणि पदराने तोंड पुसलं.

"मग तेच परत वाच."

रस्त्यावर दिवे लागले होते. दिपालीने टॅब जरा तिरका धरला, आणि वाचलं.